आधी गाडीचं झाकण उघडून बघा

२०२२च्या नोव्हेंबरात आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला सेकंडहँड मित्सुबिशी आउटलँडर घेतली. २०१५ची, प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि केबल लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही. विकणाऱ्याने चावीबरोबर एक पिशवी हातात ठेवली, आत जाडजूड काळी केबल. म्हणाला, ही आमच्याकडून भेट. फुकट मिळालं म्हणून आम्ही खूश. आठवड्याने सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भर पावसात ती पिशवी पहिल्यांदा उघडली. केबलचं एक टोक चार्जिंगच्या खांबात झकास बसलं, दुसरं काही गाडीत जाईना. नवऱ्याने फिरवून पाहिलं, उलटं धरून पाहिलं, दाबून पाहिलं. मी छत्री धरून “जोर लावू नकोस, जोर लावू नकोस” एवढंच म्हणत होते. केबल चांगली होती, पण आमच्या गाडीची नव्हती.

घरी येऊन सांगलीला फोन लावला. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं वायरमन होते. इलेक्ट्रिक गाडी त्यांनी तेव्हा फक्त टीव्हीवर पाहिलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी गाडीच्या तोंडाचा फोटो पाठव. होल्डर बघितल्याशिवाय बल्ब आणतंय का कोण?”

लहानपणी त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच असायचा: पिनचा पाहिजे का आट्याचा? गाडीच्या बाबतीतही तिथूनच सुरुवात करा. केबल, चार्जर, अ‍ॅडॉप्टर, सगळं नंतर. इथे ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत आता जुन्या प्लग-इन गाड्या आल्यात आणि दर दोन महिन्यांनी कुणाचा तरी “कोणती केबल घेऊ?” असा मेसेज येतो. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

चार्जिंगचं झाकण उघडा आणि पिना मोजा. गाडीच्या तोंडात पिना उभ्या असतात, केबलच्या टोकाला भोकं. गोल तोंडात पाच पिना असतील, वर दोन जाड, खाली मधोमध एक जाड आणि बाजूंना दोन बारीक, तर ते टाइप १. अमेरिका-जपानकडची पद्धत. टाइप १च्या केबलला अंगठ्याने दाबायचा खटका असतो, पेट्रोल पंपाच्या नळीसारखी मूठ असते. तोंड गोल पण वरून सपाट कापल्यासारखं, आणि पिना सात, वर दोन बारीक, मधे तीन, खाली दोन, तर ते टाइप २. मेनेकेस या जर्मन कंपनीचं डिझाइन. युरोपीय संघाने २०१४च्या निर्देशात एसी (घरात येते ती वीज) चार्जिंगसाठी हेच ठरवलं, म्हणून ब्रिटनमधल्या खांबांवरही हेच दिसतं.

टाइप २मध्ये खालच्या दोन जागा कधीकधी रिकाम्या दिसतात. घाबरू नका, डुप्लिकेट माल नव्हे. त्या दुसऱ्या-तिसऱ्या फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या जादा तारांच्या, जागा. प्लग-इन हायब्रिड बहुतेक एकाच फेजवर चार्ज होते, त्यामुळे कंपन्या तिथलं तांबं वाचवतात.

आमची गाडी टाइप १. ब्रिटनमध्ये २०१४ ते २०२१ विकलेल्या आउटलँडर प्लग-इन सगळ्या टाइप १च्याच आहेत. व्हॉक्सहॉल अँपेरा आणि पहिली प्लग-इन प्रियसही त्यातलीच. गोल्फ जीटीई, बीएमडब्ल्यू ३३०ई, व्हॉल्वो एक्ससी६० या टाइप २. पण नावावर जाऊ नका. जाहिरातीतल्या माहितीवर तर मुळीच नको, विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. झाकण उघडा, फोटो काढा, फोनमध्ये ठेवा.

आता खांबाकडे वळू. इथले सार्वजनिक एसी खांब दोन तऱ्हेचे. एकावर नुसतं टाइप २चं सॉकेट असतं, केबल आपण आणायची. दुसऱ्याला केबल कायमची जोडलेली असते, शेपटीसारखी लोंबणारी, आणि तिचं टोक बहुतेक टाइप २. टाइप २ गाडीवाल्याला दोन्ही चालतात. सॉकेटच्या खांबासाठी टाइप २-ते-टाइप २ केबल तेवढी हवी. टाइप १ गाडीवाल्याला सॉकेटच्या खांबासाठी टाइप २-ते-टाइप १ केबल लागते. आम्हाला दिलेली होती टाइप २-ते-टाइप २. म्हणून खांबात बसली, गाडीत नाही. शेपटीवाल्या खांबासाठी टाइप १ गाडीला मुठीएवढा अ‍ॅडॉप्टर लागतो. मी तो घेतला नाही. जितके सांधे जास्त तितकी कटकट जास्त, हे मी दुकानात बसून शिकले आहे. शिवाय रेडिंगमध्ये सॉकेटचे खांब मला पुरतात. तुमच्या ऑफिसात फक्त शेपटीवाले असतील तर घ्या, पण चांगल्या नावाचा घ्या. आणि अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर जोडू नका.

केबल घेताना दुकानदार हमखास विचारतो, १६ अँपची की ३२? लोक म्हणतात, मोठी घेऊ, लवकर चार्ज होईल. होत नाही. गाडीच्या पोटात एक चार्जर असतो, खांबातल्या एसीचं बॅटरीला लागणारं डीसी तोच करतो आणि वेगाची मर्यादा त्याचीच. आउटलँडरचा १६ अँपचा, म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. गोल्फ जीटीई, ३३०ई यांचंही जवळपास तेवढंच. ही गाडी २२ किलोवॅटच्या खांबाला लावा, ती ३.७च घेणार. घरात थोरल्याचं चालतं, इथे धाकट्याचं: खांब, केबल आणि गाडी या तिघांत ज्याची ताकद सगळ्यात कमी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे वागतात.

हे त्यांच्या आपापसात ठरतं कसं, हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते फारच खूश झाले होते. त्या दोन बारीक पिनांचं काम तेच. केबलच्या टोकात एक छोटा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडथळा करणारा तुकडा, बसवलेला असतो. २२० ओहमचा असेल तर खांब समजतो की केबल ३२ अँपची आहे, ६८०चा असेल तर २० अँपची. दुसऱ्या पिनेवरून खांब सेकंदाला हजार ठोके देत असतो आणि ठोका किती लांब यावरून गाडीला कळतं की इथे जास्तीत जास्त किती अँप मिळतील. गाडीने “मी तयार” असा इशारा दिल्यावर मगच जाड पिनांमध्ये वीज येते. म्हणजे केबल हातात असताना, पावसातसुद्धा, तिच्या टोकाला फेज नसतो. आईला याच गोष्टीची भीती होती. अण्णांनी तिला पलीकडून सांगितलं, “अगं, बोलणं झाल्याशिवाय देतच नाही ते.”

तर आमच्यासारख्या गाडीला १६ किंवा २० अँपची केबल पुरते. वजनाला हलकी, गुंडाळायला सोपी, स्वस्तही. पुढची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायची असेल आणि तीही टाइप १ नसून टाइप २ असेल, तर आजची टाइप १ केबल तशीही उपयोगाची नाही. मग ३२चे पैसे कशाला घाला? लांबीत मात्र कंजूषपणा करू नका. आउटलँडरचं तोंड मागच्या बाजूला उजवीकडे. पाच मीटरची केबल घेतली तर प्रत्येक खांबापाशी गाडी उलटी लावण्याचा खेळ होतो. मी साडेसात मीटरची घेतली.

आता घरचं चार्जिंग. इथेच माझा हात भाजला, जवळजवळ खराच.

गाडीबरोबर थ्री-पिन टॉपची एक केबल मिळते, मधे विटेएवढा डबा. घरातल्या साध्या सॉकेटला लावायची. ती १० अँप घेते. २३० व्होल्टला १० अँप म्हणजे २.३ किलोवॅट, आणि आमची १२ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला पाच तास. ऐकायला काहीच नाही. इथली चहाची किटली ३ किलोवॅटची असते, तीही याच सॉकेटवर चालते. पण किटली तीन मिनिटांत बंद होते आणि गाडी पाच तास तेवढाच करंट ओढत बसते.

आमचं घर एका रांगेतलं, गाडी पुढच्या फरशीवर. पहिल्या महिन्यात मी खिडकीतून एक्स्टेंशनचं रीळ बाहेर काढलं, हवी तेवढी वायर सोडली, बाकी रिळावर गुंडाळलेलीच. दोन-तीन रात्री ठीक गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी टॉप काढायला गेले तर हाताला चटका बसला. टॉपचं पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. जळकट, माशासारखा वास. अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, टॉप जवळ आणायला लावला आणि म्हणाले, “लूज हाय आतलं. फ्यूज उडाला न्हाई म्हणून तू निवांत झोपलीस. फ्यूजला काय कळतंय गं?”

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण चांगली शिकली-सवरलेली माणसं इथेच फसतात. इथल्या टॉपमध्ये १३ अँपचा फ्यूज असतो, बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, असतो. दोघांचं लक्ष करंट किती यावर. सॉकेटच्या आतली पट्टी ढिली झाली तर करंट वाढत नाही, १०च राहतो, पण त्या सांध्यात उष्णता तयार होते. सांध्याचा रेझिस्टन्स नुसता पाव ओहम धरा. १० गुणिले १० गुणिले पाव, म्हणजे २५ वॅट. अण्णांची सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची होती. ती कांडी सॉकेटमध्ये खुपसून पाच तास ठेवल्यासारखंच झालं. फ्यूज शाबूत, एमसीबी शाबूत, आणि भिंतीतलं प्लॅस्टिक वितळतंय. रिळाचं वेगळंच. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. म्हणून रिळावरच दोन आकडे छापलेले असतात, पूर्ण उलगडल्यावर किती आणि गुंडाळलेली असताना किती. दुसरा आकडा पुष्कळच लहान असतो. मी तो चौथ्या रात्रीनंतर वाचला.

तेव्हा साध्या सॉकेटवरच चार्ज करणार असाल तर एक्स्टेंशन नको, टॉप थेट भिंतीत. सॉकेट जुनं असेल, टॉप हलका आत-बाहेर होत असेल, तर इलेक्ट्रिशियन बोलावून ते बदलून घ्या. इथे गाडी चार्ज करण्यासाठी तपासलेली सॉकेटं मिळतात, त्यांच्या मागच्या बाजूला ‘ईव्ही’ असा शिक्का असतो. बसवण्याआधी मागून बघायला मागा, लाजू नका. आणि पहिल्या दिवशी अण्णांची चाचणी करा. अर्ध्या तासाने चार्जिंग थांबवा, टॉप काढा आणि पिना नव्हे, टॉपचं प्लॅस्टिक तळहातात धरा. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर गाडी पुन्हा लावायची नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा धरून बघा, सांधा हळूहळू ढिला होतो.

शेवटी आम्ही भिंतीवर चार्जर बसवला. ७ किलोवॅटचा. आउटलँडर त्यातले ३.७च घेते, साडेतीन तासांत भरते. त्यालाही दोन पर्याय असतात, शेपटीचा किंवा सॉकेटचा. शेपटीचा सोयीचा, रोज डिकीतून केबल काढावी लागत नाही. पण टाइप १ गाडी असताना टाइप १ शेपूट लावून घेतलं तर गाडी बदलली की चार्जर आला अडचणीत. म्हणून सॉकेटचा घेतला. गाडी बदलली तर फक्त केबल बदलेल.

बसवायला आलेल्या माणसाला अर्थिंगबद्दल जरूर विचारा. इथल्या पुष्कळ घरांत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ रस्त्यावरून एकाच वायरने येतात, घरापाशी वेगळे होतात. ती वायर रस्त्यात कुठे तुटली तर घरातल्या अर्थलाच व्होल्टेज चढू शकतं, आणि मग ओल्या जमिनीवर उभं राहून गाडीच्या पत्र्याला हात लावणं म्हणजे शॉक. यासाठी एक तर चार्जरमध्येच असा बिघाड ओळखायची सोय असते, नाहीतर वेगळा अर्थ रॉड जमिनीत ठोकतात. “आमच्यात काय केलंय?” असं सरळ विचारा. चांगला कारागीर दोन वाक्यांत सांगतो. सांगलीत न्यूट्रल गेला की गल्लीतले टीव्ही उडायचे आणि अण्णांना जेवणावरून उठून जावं लागायचं. त्यामुळे त्यांना हा भाग समजावून सांगावा लागला नाही, उलट त्यांनीच मला समजावला.

फास्ट चार्जिंगबद्दल थोडक्यात. हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे थांब्यांवर, दिसणारं ते जाड टोक, वर टाइप २ आणि खाली दोन मोठ्या डीसी पिना, म्हणजे सीसीएस. ते टाइप २च्या साध्या तोंडात बसत नाही आणि बहुतेक प्लग-इन हायब्रिडमध्ये ते तोंडच नसतं. आमच्या आउटलँडरला दुसऱ्या झाकणाखाली चाडेमो आहे, ही जपानी डीसी पद्धत. २५ मिनिटांत ८० टक्के. पहिल्या वर्षी हौसेने दोनदा वापरलं. बिल आलं ७९ पेन्स युनिटने. आठ युनिटचे ६ पौंड ३२ पेन्स, आणि त्यावर गाडी चालली जेमतेम वीस मैल. तेच वीस मैल पेट्रोलवर साडेतीन-चार पौंडांत होतात. पुन्हा त्या वाटेला गेले नाही. प्लग-इन हायब्रिड रात्री घरी भरायची, प्रवासात पेट्रोल आहेच. शिवाय पूर्ण इलेक्ट्रिकवाला मागे रांगेत उभा असतो, त्याला पेट्रोलचा आधार नाही.

खांबावर केबल लावताना आधी खांबात, मग गाडीत घाला, खटका वाजेपर्यंत. नंतर कार्ड किंवा अ‍ॅप. डॅशबोर्डवरचा दिवा लागल्याशिवाय निघू नका. दिवा लागत नसेल तर खांबाला शिव्या देण्याआधी गाडीतला चार्जिंगचा टायमर बघा. आधीच्या मालकाने रात्री बाराचा लावून ठेवलेला असतो आणि गाडी इमानदारीने बाराची वाट बघत बसते. आमचा एक रविवार त्यात गेला.

टाइप १च्या खटक्याला कुलूप नसतं. कुणीही येऊन दाबलं की केबल गाडीतून सुटते. करंट लगेच बंद होतो, धोका नाही, पण काही खांब चार्जिंग थांबल्यावर आपलं टोकही सोडून देतात आणि मग केबल पिशवीत टाकून न्यायला मोकळी. खटक्याजवळ बारीक भोक असतं. त्यात बॅगेचं छोटं कुलूप घाला. टाइप २मध्ये गाडीच टोक पकडून ठेवते, त्यामुळे चोरीची भीती कमी, पण अडकण्याची जास्त. अडकली तर ओढाताण नको. गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा, एका हाताने केबलचं वजन उचलून धरा, टोक जरा आत ढकला आणि मग बाहेर ओढा. बऱ्याचदा टोक पकडून ठेवणाऱ्या कुलपाच्या पिनेवर केबलचा भार आलेला असतो, एवढंच. तरीही नाही सुटली तर काही गाड्यांत डिकीच्या आतून ओढायची दोरी असते. ती कुठे आहे हे पुस्तकात आजच बघून ठेवा, थंडीत अंधारात टॉर्च धरून शोधायची वेळ आणू नका.

परदेशी केबलींबद्दलही लोक विचारतात. न्यू जर्सीच्या माझ्या चुलत दिराकडे टाइप १चीच गाडी आहे. तो म्हणाला, माझी जुनी प्लगवाली केबल देतो, तोंड सेम आहे. तोंड सेम असलं तरी त्यांच्या घरातलं साधं सॉकेट १२० व्होल्टचं आणि इथलं २३०चं. मधल्या डब्यावर २४० व्होल्टपर्यंत चालते असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नको, आणि लिहिलेलं असलं तरी टॉप इथला नाही. विमानतळावर मिळणारा प्रवासी कन्व्हर्टर लावून गाडी चार्ज करायची कल्पना मनातूनच काढून टाका, तो मोबाईलसाठी असतो. भारतातही हेच. तिकडे एसीला टाइप २च चालतं, त्यामुळे खांबाची टाइप २ केबल तिथल्या टाइप २ गाडीत बसेल. पण घरच्या सॉकेटची केबल तिथलीच घ्या, १६ अँपच्या जाड गोल पिनांची, आणि सॉकेटचं अर्थिंग आधी तपासून घ्या. अर्थ नसेल तर मधला डबा लाल दिवा लावून चार्जिंगच नाकारतो. तो बिघडलेला नसतो. पुण्याच्या मावसभावाने असा एक डबा “खराब निघाला” म्हणून परत पाठवला होता. बदलून आलेल्या दुसऱ्यानेही लाल दिवाच लावला, तेव्हा कुठे त्याने वायरमनला बोलावलं. सॉकेटमागे हिरवी वायर होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती.